इंदू म्हणेल तेव्हा फोटो झाला

आमच्या ओतूरच्या बाजारपेठेत दुकानाला जिवंत बायकोचं नाव देणारा पहिला माणूस म्हणजे लहानूभाऊ. त्याआधी पाट्यांवर देव असायचे, नाहीतर वारलेले वडील. नव्वदच्या आसपास माझ्या बांगड्यांच्या दुकानाला लागूनचा गाळा रिकामा झाला आणि एके सकाळी तिथे पाटी चढली, ‘इंदू फोटो स्टुडिओ’. समोरच्या किराणावाल्याने खालूनच विचारलं, "इंदू कोण? आई का?" शिडीवर उभा असलेला तो ताडमाड गडी तोंडातला खिळा काढून म्हणाला, "बायको हाय. आत च्या करतीय. घेनार का?" सगळी पेठ आठवडाभर हसत होती. मीही हसले. मग माझ्याच पाटीकडे नजर गेली. बांगड्या मी भरत होते आणि पाटीवर माझे सासरे होते. तेव्हा जरा हसू आवरलं.

लहानूभाऊ मूळचा मढचा, माळशेजच्या वाटेवरचा, भातखाचरांतला माणूस. आईने नाव ठेवलं लहानू आणि उंची अशी, की प्रत्येक लग्नघराच्या चौकटीत त्याला वाकून शिरावं लागायचं. मी कासारीण. नवरीला हिरवा चुडा भरायला मी जाणार आणि त्याच घरात हळदीचे फोटो काढायला हा येणार, हे ठरलेलंच. लग्नघरात आतल्या खोलीपर्यंत वाट असते ती आम्हा दोघांनाच. त्यामुळे त्याची काम करायची तऱ्हा मी जितकी पाहिली तितकी दुसऱ्या कुणी पाहिली नसेल.

तऱ्हा म्हणजे अशी. घरात आला की पिशवी खाली ठेवायचा आणि भिंतीला टेकून नुसता बसायचा. कॅमेरा बाहेर काढायचाच नाही. दाराकडे बघेल, खिडकीकडे बघेल, चुलीकडे बघेल. मग उठून नवरीच्या पाटाजवळ जायचा आणि तळहात पुढे करून उलटासुलटा करत राहायचा. उजेड हातावर कसा पडतो ते बघत असायचा, पण घरच्यांना काय कळणार! घोडेगावच्या एका लग्नात नवरीच्या आजीला वाटलं, बिचाऱ्याला भूक लागली असेल. तिने त्या पसरलेल्या हातावर बुंदीचा लाडू ठेवला. ह्याने तो शांतपणे खाल्ला, हात धोतराच्या टोकाला, तेही आजोबांच्या, पुसला आणि म्हणाला, "चारशेचा रोल लावतो. ह्या घरात उजेड कमी हाय, माया जास्त."

"भाऊ, हे शंभर-चारशे काय असतं रे?" मी एकदा विचारलं.

"ही रोलची भूक हाय, ताई. शंभरवाल्याला उजेड पोटभर लागतो, पर मग रंग कसा लोन्यावानी येतो. चारशेवाला थोडक्यात भागवतो, पर फोटोला रवा येतो." रवा म्हणजे ते बारीक बारीक दाणे. "आन् एकदा रोल घातला का सपेस्तवर बदलता येत न्हाई. म्हनून आधी बसून बगायचं, मग घालायचं. लग्नावानीच."

फ्लॅश होता त्याच्याकडे. पण तो मारताना चेहरा असा करायचा, की जणू कुणाला थोबाडीत मारायला लावलंय. व्हिडिओवाले तो भगभगीत दिवा घेऊन आले की हा कोपऱ्यात जाऊन उभा. म्हणायचा, "अंधार बी घरचाच हाय, ताई. त्याला हाकलून फोटो काढला, तर घरातलं एक मानूस कमी व्हतं." आणि खरंच, त्याच्या फोटोत माजघर हे माजघरच दिसायचं. नवरीच्या गालावर पिवळा उजेड, मागे सगळं काळं, त्या काळ्यात कुठेतरी तिच्या आईचा पदर. कोणत्या वेळी काढला ते सांगावं लागायचं नाही.

आता इंदूवहिनी. ही त्याच्या अर्ध्यात, कोपराला लागेल एवढी. मला ‘वन्सं’ म्हणायची, म्हणजे मी तिची नणंदच झाले, मला कुणी विचारलंही नाही. पासपोर्टचे काळे-पांढरे फोटो तेव्हा मागच्या खोलीत धुतले जायचे, त्यांच्यावरचे धुळीचे पांढरे ठिपके बारीक ब्रशने भरायचं काम हिचं. श्वास रोखून भरायची. आणि रंगीत फोटो लॅबमधून यष्टीने आले, की पाकीट उघडायचा मान हिचा. उंबऱ्याजवळ स्टुलावर बसायची, एकेक फोटो हातात घ्यायची आणि निकाल द्यायची, "झाला." नाहीतर, "नाय झाला." तिसरा शब्द नाही.

एवढा थोरला गडी तिच्या मागे हात बांधून उभा असायचा, दहावीचा निकाल लागावा तसा. ‘नाय झाला’ म्हटलेला फोटो गिऱ्हाइकाला कध्धी मिळायचा नाही. गिऱ्हाईक वैतागायचं, "अहो, मला चालतोय की!" ह्याचं उत्तर ठरलेलं, "तुमाला चालंल. घरात चालत न्हाई."

एकदा पिंपळवंडीचे एक बागायतदार मुलीला घेऊन आले. स्थळांना दाखवायला फोटो हवा होता. पोरगी चांगली ठसठशीत, काळीसावळी, डोळे असे की बघत राहावं. पण घरच्यांनी तिला एवढी पावडर थापली होती, की मला वाटलं पिठाच्या गिरणीतून उचलून आणली. बाप म्हणाला, "जरा उजळ येऊ द्या." लहानूभाऊने तळहात धरून बघितला आणि पोरीला म्हणाला, "जा बाई, नळावर तोंड धुऊन ये." बाप असा तापला! पण पोरगी गेली आणि धुऊन आली. खिडकीजवळ बसवून त्याने फोटो काढला. आठवड्याने पाकीट आलं, इंदूवहिनीने तो फोटो पुष्कळ वेळ हातात ठेवला आणि म्हणाली, "झाला." बागायतदार मात्र तो काउंटरवर टाकून मंचरच्या स्टुडिओत गेले आणि तिथून फोटोत पोर गोरीपान करून आणली. पुढे काय व्हायचं ते झालं. पाहुणे आले, पोहे खाल्ले, आणि जाताना विचारून गेले, "फोटोतली कुठंय?" मग एका बाजारच्या दिवशी बाप गुपचूप आला आणि आधीचा फोटो मागून घेऊन गेला. त्याच फोटोवर तिचं जमलं. चुडा मीच भरला. सावळ्या हातावर हिरवा काय खुलतो म्हणून सांगू!

असे दिवस होते. मला वाटायचं, हे असंच चालणार.

इंदूवहिनीच्या डोळ्यांचं आधी आम्ही हसण्यावारी नेलं. दिवेलागणीला ती स्टुलाला अडखळायची, समोर आलेल्या माणसाला ओळख द्यायची नाही. मी म्हणायचे, "काय गं, लई मोठी झालीस का?" ती हसायची. मग ती ऊन असतानाच भाजी आणून ठेवायला लागली. मग चहा ओतताना कपाच्या काठाला बोट लावून ठेवायला लागली. आणि एका पावसाळ्यानंतर माझ्या ध्यानात आलं, की हिच्या तोंडून ‘नाय झाला’ ऐकून युग लोटलं. फोटो घ्यायची, डोळ्यांजवळ न्यायची, जरा इकडे, जरा तिकडे, आणि "झाला." प्रत्येक फोटो झाला. लहानूभाऊ दुकान बंद करता करता मला म्हणाला, "ताई, इंदू हल्ली समद्यांनाच पास करतीय." हसत म्हणाला, पण कुलूप दोनदा चुकलं.

त्याच सुमारास, दोन हजार पाच-सहाची गोष्ट, त्याने पुण्याहून जुना डिजिटल कॅमेरा आणला. रोलचा जमाना संपतच आला होता, दुसरा इलाज नव्हता. विकणाऱ्याने त्याला सांगितलं होतं, आयएसओ, म्हणजे तेच रोलवरचे शंभर-चारशेचे आकडे, ऑटोवर ठेवा आणि विसरा, उजेड कमी असला की कॅमेरा आपोआप वाढवून घेतो. लहानूभाऊने ते ओतूरला पोहोचायच्या आत, यष्टीतच, बंद केलं. मला चिन्ह दाखवत म्हणाला, "हे ऑटो लावलं ना ताई, तर माजघर बी उजळ आन् मांडव बी उजळ. सकाळ कोनती, सांज कोनती, कायबी कळत न्हाई. किती उजेड घ्यायचा ते मी ठरवनार. हे डबडं कोन लागून गेलं?" आणि सगळ्यात कहर म्हणजे, कॅमेऱ्याच्या पाठीवर जो छोटा पडदा असतो, त्यावर त्याने वायरमनची काळी चिकटपट्टी लावून टाकली. का, तर वऱ्हाडातले सगळे ‘दाखवा, दाखवा’ करत अंगावर येतात. आणि दुसरं, "धुतल्याबिगर फोटो बगायचा नसतो." मी म्हटलं, "भाऊ, ह्यात धुवायचं आहे काय?" तर म्हणाला, "सवय हाय. आन् आधी इंदू बगती." असल्या माणसापुढे कोण डोकं फोडणार!

ती पट्टीच एक दिवस भोवली.

खोडदचं लग्न होतं. त्याच्या आदल्या दिवशी तो वहिनीला घेऊन पुण्याला मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन आला होता. डोळ्याचा आतला पडदा वाळत चाललाय, औषध नाही, ऑपरेशन नाही. आधी अंधारातलं दिसेनासं होतं, मग बाजूचं, मग हळूहळू सगळंच. भर उजेडात दिसतंय तोवर दिसेल. हे मला जीपमध्ये त्याने सांगितलं, खिडकीबाहेर बघत. वाटेत शेतांतून खोडदच्या त्या रेडिओ दुर्बिणीच्या मोठ्या मोठ्या तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या होत्या.

सकाळी माजघरात हळद होती. अंधारी खोली, म्हणून त्याने आयएसओ सोळाशेवर नेला. तिथपर्यंत बरोबर. मग दुपारचा मुहूर्त, उन्हाळ्याचे दिवस, मांडवाच्या कापडातून ऊन नुसतं गळत होतं. आयएसओ खाली आणायचा तो आणलाच नाही. दुसरा कुणी असता तर पहिल्याच फोटोला पडद्यावर बघून ‘अरे बापरे’ म्हणाला असता. ह्याच्या पडद्यावर चिकटपट्टी. अंतरपाट, अक्षता, हार, सप्तपदी, सगळं लग्न त्याने सोळाशेवर काढलं.

संध्याकाळी भिंतीपलीकडून हाक आली, "ताई, जरा या." इतक्या पडलेल्या आवाजात त्याने मला कधी हाक मारली नव्हती. गेले तर कॉम्प्युटरपुढे बसलेला, तोंड उतरलेलं. मांडवाबाहेरचे फोटो तर कोरे कागदच. आतले फोटो होते, पण चेहऱ्यांना नाकं नव्हती. नुसते डोळे, कुंकू, केसांच्या कडा, मुंडावळ्या. बाकी सगळं पांढरंफटक. "पोरीचं लगीन खाल्लं म्या," तो म्हणाला.

तेवढ्यात चाचपडत इंदूवहिनी आली. तो कॉम्प्युटर बंदच करणार होता. ती म्हणाली, "थांबा. आधी मी बगते, मग बंद करा." रीतच होती तशी. स्टूल ओढून ती पडद्याला नाक लागेल एवढी जवळ बसली. त्याने एक फोटो लावला. ती बघत राहिली. मग तिचं बोट पडद्यावर फिरायला लागलं.

"ही नवरी. ह्या तिच्या मुंडावळ्या. ही मागं आय हाय ना तिची? डोळं पुसतीय." मग वळून त्याच्याकडे बघून, अगदी लहान पोरीसारखी हसून म्हणाली, "अवं, किती दिसांनी फोटो दिसला बगा. झाला! लई ग्वाड झालाय."

लहानूभाऊ बाहेर गेला आणि नळाखाली तोंड धरून उभा राहिला. मी मागे गेले, तर तसाच पाणी गळत म्हणाला, "जल्मभर अंधार जपला, ताई. त्यो हिच्याच डोळ्यांत जाऊन बसला." मी नळ बंद केला.

खोडदला तो दुसऱ्या दिवशी स्वतः गेला आणि सांगून आला, की फोटो बिघडले, चूक माझी. शिव्या खाल्ल्या. मग असं ठरलं, की नवरी पाचपरतावनाला माहेरी आली, की पुन्हा मुंडावळ्या बांधून, अंतरपाट धरून फोटो काढायचे. तर नवरीची आजी आडवी झाली, "एकदा लागलेलं लगीन पुन्यांदा लावत न्हाईत! काय अवदसा आठवलीय?" पोरीचा उतरलेला चेहरा बघून मीच पुढे झाले. म्हटलं, "आजी, मंगलाष्टका नाहीत, भटजी नाहीत, अक्षता नाहीत. नुसतं धोतर धरलं म्हणून लग्न लागतं होय? मग दोरीवर वाळत घालताना रोजच लागत असेल." आजी आधी बघत राहिली, मग फसकन हसली, आणि मग सगळेच. त्या हशातच फोटो निघाले. त्या अल्बमातली नवरी अंतरपाटाआड दात काढून हसतेय. सासरच्यांनी नावं ठेवली म्हणतात. लहानूभाऊला तो अल्बम कधी आवडला नाही. "लग्नात रडत व्हती पोरगी," म्हणायचा. "खरं त्ये व्हतं."

त्यानंतर तो बदलला. चिकटपट्टी काढली. आयएसओ ऑटोवर टाकला. माजघर उजळ, मांडव उजळ, सांज उजळ, सगळं लख्ख. संध्याकाळी कॉम्प्युटरवर एकेक फोटो मोठा करून वहिनीला दाखवायचा, ती सांगायची काय काय दिसतंय ते, आणि म्हणायची, "झाला." गिऱ्हाइकं तर खूश. "आता कसं झ्याक येतंय, राव! आधी लई काळं यायचं." धंदा वाढला. पण लग्नघरात आला की हा आता बसायचा नाही, तळहात धरायचा नाही. यायचा, काढायचा, निघायचा. माझा जीव तुटायचा. चुडा भरता भरता मी दाराकडे बघायचे, की आता येईल आणि भिंतीला टेकून बसेल. तो मोबाइलवर कुणाशी तरी बोलत उभा असायचा.

पुढे ज्याच्या त्याच्या हातात कॅमेऱ्याचे फोन आले आणि पेठेत गाळ्याचं भाडं वाढलं. एके सकाळी तीच शिडी, तोच माणूस, खिळे काढत होता. वहिनीला आता पेठेतली गर्दी झेपत नव्हती. मढला पायाखालची वाट तरी ओळखीची होती, मुलगा-सूनही तिथेच होते. पाटी त्याने गोणपाटात बांधून यष्टीच्या टपावर टाकली. त्या गाळ्यात आता रिचार्जचं दुकान आहे. पोरं चांगली आहेत, पण भिंतीपलीकडून कुणी ‘ताई’ म्हणत नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते संक्रांतीच्या आधी, मढला बांगड्या भरायला गेले होते तेव्हा. सगळी आळी उरकून त्यांच्या ओट्यावर पोहोचेपर्यंत दिवस डोंगराआड गेला होता. वहिनीने माझ्या आवाजावरून ओळखलं, "वन्सं आल्या!" मी तिचा हात हातात घेऊन बांगड्या भरायला बसले. हात तसाच मऊ, लहान पोरीचा असावा तसा.

लहानूभाऊ अंगणात होता, गळ्यात तोच कॅमेरा. वहिनी मला सांगायला लागली, की रोज सांजेला तिला काही दिसत नाही, तर हे कॅमेऱ्यातून दाखवतात. तेवढ्यात गुरं आली. त्याने फोटो काढला, आला, आणि तो उजळलेला छोटा पडदा तिच्या डोळ्यांजवळ धरला. ती सांगायला लागली, "ही पांढरी आपली. मागं वासरू. ते कुंपन. त्यो वर डोंगूर." सगळं बरोबर. ऑटोने सगळं वर ओढून घेतलं होतं. मी पाहिलं, फोटोला रवा आला होता भरपूर, पण एकेक शेपूट दिसत होतं.

"दिसलं ना?" त्याने विचारलं.

"दिसलं समदं." तिने पडदा आणखी जवळ ओढला. "पर अवं, ही सांज न्हाई. दुपार हाय. तुमच्या फोटोत सांज असायची."

घरातून सुनेने उंबऱ्यात दिवा आणून ठेवला. मी बांगड्या निवडत होते, वर बघते तर लहानूभाऊ ओट्याजवळ आलेला आणि तळहात पुढे धरून उलटासुलटा करत होता. किती वर्षांनी! त्याने कॅमेऱ्याच्या बटणांशी काहीतरी केलं, एक गुडघा टेकून बसला, श्वास रोखला आणि एकच फोटो काढला, तिचा.

आधी मला दाखवला. जवळजवळ सगळा काळा. एका कोपऱ्यात दिव्याची बारीक ज्योत, तिच्या गालाची एक कड, आणि मनगटावर हिरव्या काचेची एक रेघ. बाकी सगळी मढची सांज, जशी समोर होती तशी.

मग त्याने कॅमेरा तिच्या हातात दिला आणि तिच्या मागे जाऊन हात बांधून उभा राहिला. तिने तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, जरा इकडे, जरा तिकडे. पुष्कळ वेळ धरून बसली.

"काय दिसतंय का?" त्याने विचारलं.

"काय बी न्हाई," ती म्हणाली. कॅमेऱ्याच्या पाठीवरून तिने अंगठा फिरवला आणि म्हणाली, "झाला."

मी तिचा दुसरा हात घेतला. पुरता अंधार पडला होता, पण बांगड्या भरायला उजेड लागत नाही.